हातातले आकाश : उस्तुरलाबापासून संगणकापर्यंत



आपल्या घरात उस्तुरलाब आहे काय, असा प्रश्न मी आपणांस विचारला तर आपण गोंधळून जाल. उस्तुरलाब म्हणजे काय, हेच आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसेल आणि ठाऊक असले तरी असली पितळी चीज आता संग्रहालयात काचेमागेच पाहावयास मिळते, असे आपण म्हणाल. परंतु मी जर असे म्हटले की देऊळघाटच्या निम्म्याहून अधिक घरांत उस्तुरलाब आहे, तोही चार्ज करून ठेवलेला आहे आणि आपला मुलगा रात्री उशिरापर्यंत तोच हातात घेऊन बसतो म्हणून आपण त्याच्यावर रागावता, तर आपणांस हसू येईल. हसू आले तरी हरकत नाही. पण हा लेख संपेपर्यंत ही गोष्ट थट्टेची नाही, हे आपणांस पटावे अशी माझी इच्छा आहे.

मोबाईल फोनावर किंवा शाळेतल्या संगणकावर आज असे सॉफ्टवेअर चालते की ज्यात सबंध आकाश भरलेले असते. गाव सांगा, तारीख सांगा, वेळ सांगा. त्या गावाहून त्या क्षणी कोणता तारा कोठे दिसेल ते पडद्यावर उमटते. याला आभासी आकाश म्हणतात. संशोधक ते वापरतात, शिक्षक वापरतात आणि हौशी मंडळीही वापरतात. ही कल्पना मात्र नवी नाही. तिला हजार वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासात आपलाही वाटा आहे. तो वाटा कोणता, तो कसा मिळाला आणि आज तो आपल्या मुलामुलींच्या हाती कसा यावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

पितळेत कोरलेले आकाश

उस्तुरलाबाचा जन्म ग्रीक विद्येतून झाला. पण त्याला वाढवले, सुधारले आणि घरोघरीच्या उपयोगाचे केले ते अरबी व फारसी लिहिणाऱ्या कारागिरांनी. तळहातावर मावेल एवढी ही गोल पितळी तबकडी असे. तिच्या मुख्य भागाला 'उम्म' म्हणजे आई म्हणत. आईच्या पोटात एकावर एक पातळ चकत्या बसत आणि प्रत्येक चकती एकेका अक्षांशासाठी कोरलेली असे. वर एक जाळीदार भाग फिरे. त्याचे नाव 'अन्कबूत', म्हणजे कोळी. या कोळ्याच्या जाळ्याची टोके म्हणजे ठळक तारे. गावाच्या अक्षांशाची चकती घालावी, जाळी फिरवावी, की आत्ता कोणता तारा उगवतो आहे, सूर्य किती वर आहे, रात्र किती सरली, हे सारे समजे. आज संगणकात आपण गावाचे नाव निवडतो. तेव्हा चकती बदलावी लागे. फरक साधनाचा आहे, युक्ती तीच आहे.

हे काम केवळ पुरुषांचे होते असेही नाही. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अन्-नदीम याने 'फिहरिस्त' हा ग्रंथ लिहिला. त्यात उस्तुरलाब बनवणाऱ्यांच्या यादीत हलबच्या सैफुद्दौलाच्या दरबारी काम करणाऱ्या 'अल्-इज्लिया' नावाच्या स्त्रीची नोंद आहे. तिचा बाप हाच धंदा करीत असे आणि बापाच्या गुरूपाशीच ती शिकली. अलीकडे लोक तिला मरियम म्हणतात. मूळ नोंदीत ते नाव नाही. पण नाव नसले तरी ती होती आणि तिचे हात पितळेत आकाश कोरीत होते, एवढे आपल्या मुलींना सांगण्यास पुरेसे आहे.

हिंदुस्थानात ही विद्या आली ती एकाच समाजाची ठेव होऊन राहिली नाही. फिरोझशाह तुघलकाच्या काळी, इ. स. १३७० मध्ये, महेंद्रसूरी या जैन पंडिताने 'यंत्रराज' हा उस्तुरलाबावरील पहिला संस्कृत ग्रंथ रचला. यंत्रांचा राजा, असे नाव त्याने या परक्या उपकरणाला मोठ्या मनाने दिले. पुढे मोगल काळात लाहोरच्या अल्लाहदाद या कारागिराच्या घराण्यात चार पिढ्या उस्तुरलाब व खगोल घडत राहिले. त्या घराण्याच्या हातच्या शंभराहून अधिक वस्तू आजही जगभरच्या संग्रहालयांत टिकून आहेत.

कागदावरचे आकाश आणि डोळ्यांची साक्ष

यंत्र बनवायचे तर ताऱ्यांची जागा आधी पक्की माहीत हवी. ती माहिती देणाऱ्यांत अब्दुर्रहमान अस्-सूफी यांचे नाव पहिले घेतले पाहिजे. इ. स. ९६४ च्या सुमारास त्यांनी स्थिर ताऱ्यांवरील आपला ग्रंथ पुरा केला. टॉलेमीची ४८ तारकापुंजांची यादी त्यांच्यासमोर होती. पण ती जशीच्या तशी उतरवून न घेता प्रत्येक ताऱ्याचे तेज त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तपासले आणि जेथे फरक आढळला तेथे तसे लिहिले. प्रत्येक तारकापुंजाची त्यांनी दोन चित्रे दिली : एक, जमिनीवरून वर पाहणाऱ्याला दिसते तसे, दुसरे, खगोलाच्या गोलावर बाहेरून दिसते तसे. देवयानी पुंजातील एका 'लहान ढगा'ची नोंदही त्यांनी केली. तो ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची एक स्वतंत्र दीर्घिका होय, हे समजायला विसावे शतक उजाडावे लागले.

आज आपण संगणकात आकाश उघडले तर ताऱ्यांजवळ जी नावे दिसतात त्यांतली कितीतरी अरबी आहेत. आपण ज्याला रोहिणी म्हणतो तो अल्देबरान, म्हणजे 'अद्-दबरान', कृत्तिकांच्या मागून येणारा. अभिजित म्हणजे वेगा, 'अन्-नस्र अल्-वाकी', झेपावणारा गरुड. श्रवण म्हणजे अल्टेर, 'अन्-नस्र अत्-ताइर', उडणारा गरुड. मृगातला राजन्य म्हणजे रायजेल, 'रिज्ल', पाऊल. ज्या मुलाला मराठीही येते आणि थोडी उर्दूही येते, त्याला या नावांचे दोन्ही दरवाजे एकदम उघडतात. नक्षत्रे सत्तावीस, अभिजितासह अठ्ठावीस. अरबांच्या चंद्राच्या 'मंझिला'ही अठ्ठावीस. एकाच चंद्राच्या वाटेवर दोन संस्कृतींनी मुक्काम मांडले, ते पडद्यावर शेजारी शेजारी पाहता येतात.

सूफींच्या नंतर अबू रैहान अल्-बिरुनी आले. पर्वताची उंची आणि क्षितिजाचा कल मोजून नंदना येथील किल्ल्यावर त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली. गावांचे अक्षांश-रेखांश ठरविण्यावर त्यांनी एक सबंध ग्रंथ लिहिला आणि त्या आधारे गझनीहून किब्ल्याची दिशा गणिताने काढून दाखवली. समरकंदच्या उलूगबेगाने सुमारे ४० मीटर त्रिज्येचे दगडी यंत्र उभारून १४३७ मध्ये १,०१८ ताऱ्यांची यादी पुरी केली. ती यादी १६६५ मध्ये ऑक्सफर्डला छापली गेली. आपल्याकडे सवाई जयसिंगाने दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी व मथुरा येथे वेधशाळा बांधल्या आणि तेथून तयार झालेल्या कोष्टकांना 'झीज-ए-मुहम्मदशाही' असे नाव दिले. राजा राजपूत, कोष्टके फारसी, विद्या समरकंदची आणि जमीन हिंदुस्थानची!

वाचकहो, 'आमचे पूर्वज थोर होते' हे वाक्य आपल्या सभांतून आपण वारंवार ऐकतो आणि टाळ्याही वाजवतो. पण या सर्वांच्या थोरवीचे मूळ एका सवयीत होते, हे लक्षात घ्या. पुस्तकात लिहिले आहे ते आकाशात तसेच आहे काय, हे ते स्वतः जाऊन पाहत. ती सवय आपण उचलली नाही, तर त्यांचे नाव घेण्याचा आपला हक्क फार थोडा उरतो.

मराठी मुलखातील आकाश

ही सवय आपल्या मराठी मुलखातही होती, याचे उत्तम उदाहरण म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८). मराठी शाळांत आणि ट्रेनिंग कॉलेजात शिकवणारा हा शिक्षक. १८९६ मध्ये त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह इंग्रजीत लिहिलेला भारतीय कालगणनेवरचा ग्रंथही प्रसिद्ध झाला. या दुसऱ्या ग्रंथात हिंदू तिथी आणि हिजरी तारखा इसवी सनात बदलण्याची कोष्टके आहेत. एखादा शिलालेख वा एखादी सनद कोणत्या दिवशीची, हे इतिहास संशोधक त्यावरून काढीत आले. आज संगणक जे पडद्यावर दाखवतो ते दीक्षितांनी आकड्यांच्या रांगांत दाखवले होते. तेही एक प्रकारचे आभासी आकाशच म्हटले पाहिजे.

सर्वसामान्य माणसाला मात्र आकड्यांत आकाश दिसत नाही, त्याला ते डोळ्यांनी पाहावयास हवे. १९२३ मध्ये जर्मनीत झाइस कंपनीने घुमटाच्या आत तारे पाडणारे यंत्र तयार केले आणि तारांगणाचे युग सुरू झाले. पुण्यात १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली होतीच. १९५४ मध्ये टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तारांगण उभे राहिले. ही गोष्ट मला विशेष वाटते, कारण तो घुमट शाळेच्या आवारात, मुलांसाठी बांधलेला होता. मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ मध्ये आणि नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रातील तारांगण १९९७ मध्ये सुरू झाले.

आता यातली अडचण पाहा. नागपूर असो वा पुणे, आपल्या गावाहून रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक. सहल काढायची तर एस. टी. चे भाडे, मुक्काम, जेवणखाण, सोबतीला शिक्षक. एवढे करून घुमटाखाली बसायला मिळते ते तासभर, आणि मुलींना घरून परवानगी मिळेलच असे नाही. म्हणजे तारांगण शहरातल्या मुलासाठी झाले, देऊळघाटच्या मुलासाठी ते वर्तमानपत्रातले चित्रच राहिले. ही विषमता मोडण्याचे काम पुढे संगणकाने केले.

संगणकात उतरलेले आकाश

इ. स. २००० च्या उन्हाळ्यात फाब्यां शेरो या फ्रेंच तरुणाने 'स्टेलॅरियम' नावाचे सॉफ्टवेअर लिहावयास घेतले. त्याने ते विकले नाही, तर त्याची मूळ लिखावटच सर्वांसाठी खुली ठेवली. निरनिराळ्या देशांतील लोकांनी त्यात भर घातली. संगणकावर ते मोफत मिळते आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालते. नुसत्या डोळ्यांना सबंध आकाशात मिळून सहा हजारांच्या आसपास तारे दिसू शकतात. उलूगबेगाच्या यादीत हजारावर थोडे होते. या सॉफ्टवेअरच्या मूळ यादीतच सहा लाखांहून अधिक आहेत. त्यात निरनिराळ्या संस्कृतींची आकाशेही ठेवलेली आहेत. भारतीय नक्षत्रे आहेत आणि अस्-सूफींच्या ग्रंथावरून घेतलेले तारकापुंजही आहेत. हजार वर्षांपूर्वीचे कष्ट फुकट गेले नाहीत, याचा हा चालता-बोलता पुरावा होय.

दुसरी धारा संशोधनाची. मोठ्या दुर्बिणी रात्रंदिवस आकाशाची छायाचित्रे घेतात. ती सारी माहिती एकमेकींशी जोडून सर्वांना खुली करावी, म्हणजे सबंध जगाची मिळून एक दुर्बीण होईल, ही कल्पना जिम ग्रे आणि अलेक्स झालाय यांनी २००१ मध्ये मांडली. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने 'वर्ल्डवाइड टेलिस्कोप' प्रसिद्ध केले. त्यात खऱ्या दुर्बिणींनी घेतलेली चित्रे जोडून आकाश उभे केले आहे आणि शिक्षकाला स्वतःच्या आवाजात आकाशाची सहल तयार करून ठेवता येते. पुढे तेही खुले झाले आणि अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे गेले.

या कामात महाराष्ट्र मागे नव्हता. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' ही संस्था उभी राहिली. तेथील शास्त्रज्ञांनी पुण्याच्याच पर्सिस्टंट सिस्टिम्स या संगणक कंपनीच्या सहकार्याने 'व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी इंडिया' हा प्रकल्प चालवला आणि 'व्हीओप्लॉट' हे आलेख काढण्याचे साधन जगातील खगोल शास्त्रज्ञांसाठी तयार केले. खुल्या माहितीतून काय साधते हे २०१७ मध्ये दिसले. आयुका आणि आयसर, पुणे येथील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका दुर्बिणीच्या, सर्वांना खुल्या असलेल्या सर्वेक्षणाचा अभ्यास करून सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे अंतरावरचा दीर्घिकांचा एक प्रचंड समूह शोधला. त्याला त्यांनी 'सरस्वती' असे नाव दिले.

पण शोध लावणारा प्रत्येक वेळी पीएच. डी. च असतो असेही नाही. २००७ मध्ये 'गॅलेक्सी झू' या प्रकल्पात हौशी माणसांना दीर्घिकांची चित्रे पाहून त्यांचे प्रकार सांगावयाचे होते. हानी फान आर्केल या डच शाळाशिक्षिकेला एका चित्रात एक चमत्कारिक हिरवट-निळसर ढग दिसला. तिने सरळ विचारले, हे काय आहे? कोणालाच उत्तर देता येईना. आज तो ढग तिच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे २०१३ पासून 'रॅड ॲट होम' या उपक्रमात नारायणगावजवळील खोडद येथल्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीची माहिती वाचण्यास विद्यार्थ्यांना शिकवले गेले. प्रश्न विचारण्याची सवय असलेल्या माणसाला आता दार उघडे आहे, एवढाच याचा अर्थ.

मागे फिरवलेले घड्याळ

हा इतिहासाचा लेख आहे म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक वेगळी गंमत सांगतो. आभासी आकाशात काळ उलटा फिरवता येतो.

इ. स. १००६ च्या वसंत ऋतूत दक्षिण आकाशात एक नवा तारा एकाएकी झळकला. तो खरोखर नवा नव्हता. एका ताऱ्याचा स्फोट झाला होता. माणसाने नोंदून ठेवलेल्या अशा स्फोटांत तोच सर्वांत तेजस्वी. कैरोचा अली इब्न रिझवान तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता, शिक्षणाला नुकती सुरुवात झालेली. पुढे तो नामांकित हकीम झाला. पण विद्यार्थिदशेत पाहिलेले ते दृश्य त्याने टॉलेमीवरील आपल्या टीकेत लिहून ठेवले. नुसते 'मोठा तारा दिसला' असे त्याने लिहिले नाही. त्या दिवशी सूर्य, चंद्र आणि ग्रह कोणत्या राशीत किती अंशांवर होते, तेही दिले. त्याच अंशांच्या आधारे १९६५ मध्ये विद्वानांना त्या नोंदीची तारीख ताडून पाहता आली, आणि त्याच वर्षी रेडिओ दुर्बिणीने त्या स्फोटाचे अवशेषही सापडले. आता आपणही १ मे १००६ ही तारीख घालून पाहा. ग्रह त्याने लिहिले त्या राशींत उभे असलेले दिसतील. एका अठरा वर्षांच्या मुलाने नीट लिहून ठेवलेली नोंद हजार वर्षांनी साक्ष देण्यास उभी राहिली. आपल्या वहीत आपण तारीख तरी लिहितो काय?

आणखी जवळचे उदाहरण घ्या. २२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला. नॉर्मन लॉकयर विजयदुर्गला आले होते, पुण्याचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे वेध घेत होते. देऊळघाट त्या पट्ट्याच्या बाहेर, उत्तरेला राहिले. संगणकात देऊळघाटची जागा आणि ती दुपार घातली की आपल्या पणजोबांच्या पिढीने अंगणातून पाहिलेला, कोरीसारखा उरलेला सूर्य पडद्यावर येतो. गावच्या इतिहासाचे हे एक पान कोणी लिहिलेले नसले तरी गणिताने जपून ठेवले आहे.

देऊळघाटचे प्रयोग

आता विद्यार्थी मित्रांनो, ऐकून झाले, करून पाहण्याची वेळ आली. खर्च जवळपास काही नाही.

पहिला प्रयोग ध्रुवाचा. आपले गाव सुमारे साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजाच्या वर साधारण साडेवीस अंशांवर दिसला पाहिजे. कंपासपेटीतला कोनमापक घ्या, त्याला दोरा आणि खडा बांधा, आणि गच्चीवरून मोजा. मग संगणकात पाहा. एखाद्या अंशाची चूक येईल. ती का आली याचा विचार करा. त्यानंतर पडद्यावर समरकंद निवडा. ध्रुव जवळजवळ चाळीस अंशांवर चढेल. आता तारीख मागे नेऊन अस्-सूफींच्या काळात जा. ध्रुवतारा उत्तर ध्रुवबिंदूपासून सुमारे सहा अंश दूर सरकलेला दिसेल. ध्रुवही अढळ नाही, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि असे पाहणे वेगळे.

दुसरा प्रयोग शून्य सावलीचा. मेच्या २२-२३ तारखेच्या आसपास आणि जुलैच्या २० तारखेच्या आसपास मध्यान्हीला सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मे महिन्यात ही वेळ घड्याळाच्या बारा वाजता येत नाही. साधारण बारा वाजून बावीस मिनिटांनी येते. कारण भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. भूगोलाच्या गुरुजींना हा प्रश्न अवश्य विचारा.

तिसरा प्रयोग किब्ल्याचा. दरवर्षी २७-२८ मे रोजी दुपारी मक्केत सूर्य काबागृहाच्या बरोबर वर येतो. त्या वेळी आपल्याकडे दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे झालेली असतात आणि सूर्य चांगला वर असतो. अंगणात ओळंब्याने सरळ काठी रोवा. एक मीटर काठीची सावली सुमारे ६७ सेंटिमीटर पडेल. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे रेघ ओढा. ती सुमारे ३,७५० किलोमीटर दूर असलेल्या मक्केची दिशा होय. होकायंत्राने पाहिले तर ही रेघ पश्चिमेपासून सुमारे आठ अंश उत्तरेकडे झुकलेली आढळेल. अल्-बिरुनींनी गझनीसाठी जे गणित मोठ्या परिश्रमाने केले, त्याचे उत्तर आपल्या अंगणात सूर्य लिहून देतो. जुलैच्या १५-१६ तारखेला २ वाजून ५७ मिनिटांनी पुन्हा हाच योग येतो; पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात, म्हणून मे महिना चुकवू नका. सूर्याकडे मात्र थेट पाहू नका. सावलीच पुरेशी आहे.

चौथा प्रयोग नव्या चंद्राचा. सूर्य मावळल्यावर चंद्र सुमारे ४८ मिनिटे, म्हणजे बारा अंशांनी मागे राहिला तर कोर दिसावी, असा जुना नियम भारतीय ज्योतिषांत होता आणि आरंभीच्या अरबी गणितज्ञांनीही तो वापरला. अमावास्येनंतरच्या संध्याकाळी चंद्र कोठे आणि किती वेळ असेल हे आधी संगणकात पाहा आणि मग पश्चिमेकडे डोळे लावा. संगणक चंद्राची जागा सांगेल. क्षितिजावरची धूळ आणि पाहणाऱ्याची नजर त्याला ठाऊक नसते. ईदचा निर्णय ज्यांनी द्यायचा ते देतील. आपले काम डोळस साक्षीदार होण्याचे आहे.

शेवटी एक इशारा. २००३ मध्ये मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. तेव्हापासून 'येत्या ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसणार' असा निरोप वर्षानुवर्षे फिरत राहिला आहे. तो फोनावर आला की पुढे धाडण्याआधी त्याच फोनातले आकाश उघडा. अगदी जवळ आला तेव्हाही मंगळ चंद्राच्या सुमारे सत्तराव्या हिश्श्याएवढाच दिसला होता. खोटी बातमी ओळखायला शिकलेले मूल पुढे आयुष्यातही सहज फसत नाही.

पालकांना विनंती

पालकहो, मोबाईल मुलांना बिघडवतो ही आपली तक्रार खोटी नाही. पण तो काढून घेणे हा एकच उपाय नव्हे. आठवड्यातून एक रात्र मुलाबरोबर, आणि विशेषतः मुलीबरोबर, आपण स्वतः गच्चीवर जा. आधी पडदा पाहा, मग तो बंद करून आकाश पाहा. ज्या मुलीला पुण्या-नागपूरला पाठवणे आपणांस जमणार नाही, तिच्यासाठी आकाश घरी उतरले आहे. ते तिला दाखवायचे की नाही, हे तर आपल्या हाती आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पडद्यावरचे आकाश कोणीतरी गणित करून रंगवलेले आहे. त्यावर विश्वास ठेवा, पण पडताळा घ्या. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात लोणारला काळ्या पाषाणात जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचे विवर आहे. आकाशातून आलेल्या एका दगडाने ते पाडले. खरे आकाश आपल्या जमिनीवर सही करून गेले आहे.

ज्यांच्या नावांचे तारे आपण पडद्यावर पाहतो ते सारे गच्चीवर उभे राहून शिकले. येत्या मे महिन्याच्या त्या दुपारी, दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी, देऊळघाटच्या किती अंगणांत काठी रोवलेली दिसेल, ते पाहू या.